कंपवाताचा दाखला : कायदा काय देतो आणि तो पदरात कसा पाडून घ्यावा



उसाची नोंद असो, सोसायटीचा कर्जाचा कागद असो की बँकेतून बिलाची रक्कम काढायची असो, सही जुळावी लागते. आपल्या वयस्कर सभासदांपैकी काहींची सही अलीकडे जुळत नाही. एके काळी ठसठशीत सही ठोकणाऱ्या माणसाचे अक्षर बारीक होत जाते आणि नाव संपेपर्यंत मुंगीएवढे होते. मागे रांगेत उभा असलेला कोणीतरी म्हणतो, "म्हातारपण आलं, चालायचंच." बहुतेक वेळा ते म्हातारपणच असते. पण काही वेळा तो कंपवात असतो, डॉक्टर मंडळी ज्याला पार्किन्सन म्हणतात तो. हा फरक ओळखणे फार गरजेचे आहे. कारण म्हातारपणाला दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही आणि कंपवाताला मिळतो. तसा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. बेल्हे, आणे, राजुरी, आळे या आपल्या पट्ट्यात मात्र ही गोष्ट फार थोड्या घरांना माहीत आहे. म्हणून या अंकात तिच्यासाठी थोडी जास्त जागा घेत आहोत.

आधी आजाराविषयी. मेंदूच्या खालच्या भागात काही पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात. हातपाय हवे तेव्हा हलावेत, हवे तेव्हा थांबावेत, चाल सुरळीत राहावी, यासाठी ते लागते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. पिंपळगाव जोगाच्या कालव्याला पाणी कमी दाबाने सुटले तर काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वरच्या अंगाला भिजते आणि टेलचे वावर कोरडे राहते. इथेही तसेच आहे. मेंदूतून हुकूम निघतो, पण शेवटपर्यंत नीट पोहोचत नाही. शिवाय निम्म्याच्या आसपास पेशी जाईपर्यंत बाहेरून काही कळत नाही, त्यामुळे रोग उघडकीस येतो तेव्हा तो आत बरीच वर्षे मुरलेला असतो.

नाव कंपवात असले तरी प्रत्येकाचा हात थरथरतोच असे नाही. काहींना कंप जवळजवळ नसतो. नुसता ताठरपणा आणि मंदपणा असतो. चालताना एक हात हलेनासा होतो. पाऊल उचलण्याऐवजी घासत पडते. उंबऱ्यापाशी किंवा वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात आणि माणूस तोल जाऊन पडतो. चेहऱ्यावरचा भाव जातो, आवाज बारीक होतो. घरच्यांना वाटते, आबा रुसले. वास न येणे आणि जुनाट बद्धकोष्ठ ही लक्षणे तर कित्येकदा थरथरीच्या आधी काही वर्षे येतात. आजार साठीच्या पुढे जास्त दिसतो, पण चाळिशी-पन्नाशीतही होतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बरा करणारे औषध अजून नाही. त्रास आटोक्यात ठेवणारी औषधे मात्र चांगली आहेत.

कंपवात हे नाव आपल्या वैद्यकात जुने आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्यावरून दुसरे नाव पडले. सह्याद्रीच्या रानात खाजकुइरीचे वेल असतात, ज्यांच्या शेंगांची कूस अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. त्या खाजकुइरीच्या बियांत लिव्होडोपा हे द्रव्य असते. भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३७ साली या बियांतून वेगळे काढले होते. आज कंपवातावर दिली जाणारी मुख्य गोळी त्याच द्रव्याची असते. याचा अर्थ रानातून बिया आणून कुटून खाव्यात असा कोणी घेऊ नये. बियांत द्रव्य किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि गोळी चालू असताना वरून बिया खाल्ल्या तर प्रमाण चुकते.

आता कायदा. १९९५ साली अपंगांसाठी पहिला मोठा कायदा झाला. त्यात सात प्रकार होते : अंधत्व, अधू दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, बहिरेपणा, हालचालीचे अपंगत्व, मतिमंदता आणि मानसिक आजार. कंपवाताचे नाव त्यात नव्हते. हातपाय तर आहेत, मग अपंग कसे, असा प्रश्न रुग्णाला विचारला जाई आणि त्यावर त्याच्यापाशी उत्तर नसे. पुढे २००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने दिव्यांगांच्या हक्कांचा करार केला आणि २००७ साली भारताने तो मान्य केला. मग आपल्या कायद्यातही त्याप्रमाणे बदल करणे आले. त्याला आणखी नऊ वर्षे गेली. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम मंजूर केला. त्यात प्रकार सातावरून एकवीस झाले आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार या सदरात मल्टिपल स्क्लेरॉसिस व पार्किन्सन ही दोन नावे स्पष्ट छापली गेली. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आजार, हाही हालचालीच्या दिव्यांगत्वात नावानिशी आला.

नाव छापले जाण्याला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. बेल्हे गटातील एका सभासदांना एका कार्यालयात "हे यादीत बसत नाही" असे सांगून दोनदा परत पाठवले होते. तेव्हा नवा कायदा लागू होऊन वर्ष उलटले होते. तिसऱ्या खेपेस त्यांच्या नातीने कायद्याच्या परिशिष्टाची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि अर्ज घेतला गेला. यादीत नाव असले की वाद घालावा लागत नाही, नुसते बोट ठेवावे लागते.

परंतु नाव यादीत आले म्हणजे सगळे आले असे नाही. या कायद्यातल्या बहुतेक मोठ्या सवलती 'लक्षणीय दिव्यांगत्व' असलेल्यांना आहेत आणि लक्षणीय म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त. हे टक्के वैद्यकीय मंडळ ठरवते. ते ठरवण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये काढल्या आणि मार्च २०२४ मध्ये सुधारून पुन्हा काढल्या. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी "पार्किन्सन आहे" एवढे सांगते, तर दाखला "पार्किन्सनमुळे इतके टक्के दिव्यांगत्व आहे" असे सांगतो. सरकारी कामात दुसरा कागद चालतो. नुसती चिठ्ठी घेऊन तहसीलला गेलेले लोक हात हलवत परत येतात ते यामुळे.

दाखल्याची रीत अशी. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचा दाखला केंद्र सरकारच्या संगणक प्रणालीतूनच मिळतो. त्याला स्वावलंबन किंवा यूडीआयडी म्हणतात आणि सोबत एटीएम कार्डासारखे एक कार्ड येते. ४० टक्क्यांच्या आतील व्यक्तीला पांढऱ्या पट्ट्याचे, ४० पासून ८० च्या आत पिवळ्या आणि ८० व त्यापुढे निळ्या पट्ट्याचे. अर्ज घरच्या मुलाने मोबाईलवरून भरला तरी चालतो. जमत नसेल तर गावातील सेवा केंद्रावर भरून घ्यावा. आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात. अर्जात रुग्णालय निवडावे लागते. आपल्या जिल्ह्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससून ही ठिकाणे आहेत. तपासणीचा वार विचारल्याशिवाय घर सोडू नये. बेल्ह्याहून पुणे शंभर किलोमीटरच्या आसपास पडते, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, खेड, चाकण असे सगळे पार करून. ज्याचे पाय एस.टी.च्या पायरीवरच खिळतात त्याला घेऊन उगाच हेलपाटा मारणे म्हणजे शिक्षाच. दाखला देण्यास पूर्वी नियमाने एक महिन्याची मुदत होती, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. आमच्या मते ही दुरुस्ती उलट्या दिशेने झाली, पण नियम आहे तो असा आहे.

इथे या आजाराची खरी अडचण सुरू होते आणि सभासदांनी हा भाग नीट वाचावा. अपघातात पाय गेला तर आज गेलेला पाय पाच वर्षांनीही गेलेलाच असतो. कंपवाताचे तसे नाही. तो वाढत जाणारा आजार आहे, आणि एका दिवसातसुद्धा त्याचे रूप बदलते. गोळी घेतल्यावर तासाभराने माणूस चहाचा कप स्वतः उचलतो, आणि गोळीचा अंमल उतरला की त्याच माणसाला कुशीवर वळता येत नाही. मंडळापुढे तो नेमका कोणत्या तासाला उभा राहतो यावर पाहणाऱ्याचे मत बनू शकते. म्हणून चार-सहा दिवस एका वहीत वेळेनिशी लिहून ठेवावे : गोळी किती वाजता घेतली, किती वाजता बरे वाटले, किती वाजता ताठले, किती वेळा पडले, जेवण कोणी भरवले, सदऱ्याची बटणे कोणी लावली. ती वही तपासणीला घेऊन जावी आणि दोन्ही अवस्था डॉक्टरांना सांगाव्यात. काही शहाणे सल्ला देतात की त्या दिवशी गोळीच घेऊ नका, म्हणजे टक्के जास्त पडतील. हा सल्ला अजिबात ऐकू नये. ही गोळी एकाएकी बंद केल्याने जिवावर बेतू शकते, आणि खोट्याची गरजही नाही; खरी हकिकत नीट मांडली तरी पुरते.

दुसरे असे की दाखल्याच्या नमुन्यातच एक ओळ आहे : आजार वाढत जाणारा आहे की न वाढणारा, सुधारण्याची शक्यता आहे की नाही. आणि त्याखाली, फेरतपासणी लागेल की नाही, लागल्यास किती काळाने. कंपवातात 'वाढत जाणारा' ही नोंद पडली पाहिजे. दाखला हातात आल्यावर ती ओळ वाचल्याशिवाय रुग्णालयाचे आवार सोडू नये. दाखला ठरावीक मुदतीचा असेल तर शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर मांडून ठेवावी, कारण मुदत संपली की अनुदान थांबते आणि थांबलेले पुन्हा सुरू करायला नव्याने अर्ज करण्याइतकाच त्रास पडतो.

वर सांगितलेल्या सभासदांचेच पुढे झाले ते असे. पहिल्या तपासणीत त्यांना चाळिसाच्या आत टक्के मिळाले. घरच्यांनी "काही उपयोग नाही" म्हणून कागद ट्रंकेत टाकला. पुढची चार वर्षे आजार वाढत गेला, ते अंथरुणाला टेकले, पण कागदावर ते तसेच हिंडते-फिरते राहिले. शेवटी शेजारच्या मास्तरांनी विचारले की पुन्हा का तपासून घेत नाही. दुसऱ्या खेपेस टक्के साठीच्या वर गेले. मधल्या चार वर्षांत जे मिळू शकले असते ते गेले. पहिला दाखला कमी टक्क्यांचा असला तरी तो जपून ठेवावा. आजार कधीपासून आहे याचा तो सरकारी पुरावा असतो. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते.

वाढत्या आजाराशी कायद्याने कसे वागावे हा प्रश्न सगळ्या जगात आहे. अमेरिकेत एएलएस नावाचा मज्जातंतूंचा आजार आहे, त्यात माणूस थोड्याच वर्षांत हातापायांनी लुळा पडून दगावतो. तिथे दिव्यांगत्वाचे निवृत्तिवेतन सुरू होण्याआधी पाच महिने थांबावे लागत असे. रुग्णांच्या घरच्यांनी बरीच वर्षे पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये कायदा होऊन त्या आजारापुरती ती पाच महिन्यांची अट रद्द झाली. तेथील रुग्णांचे म्हणणे साधे होते : आजार थांबत नाही तर आम्ही का थांबावे? आपल्या तीन महिन्यांच्या मुदतीबद्दलही हेच विचारता येईल.

आता पदरात काय पडते ते सांगतो. उगाच फुगवून सांगत नाही.

पहिली संजय गांधी निराधार अनुदान योजना. राज्यात ही १९८० सालापासून आहे. ६५ वर्षांच्या आतील, ४० टक्के व त्यावर दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असल्यास मिळते. अर्ज तहसील कार्यालयात. कायद्याच्या कलम २४ मध्ये एक महत्त्वाचे वाक्य आहे : दिव्यांगांना द्यावयाची मदत ही तशाच योजनेत इतरांना मिळणाऱ्या मदतीपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. २०२३ साली या योजनेची रक्कम महिना १५०० रुपये झाली तेव्हा ती सर्वांना सारखीच होती. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थींना २५०० रुपये झाले. कायद्याच्या हिशेबाने १५०० वर २५ टक्के म्हणजे १८७५ होतात, त्यामानाने वाढ चांगली आहे. फक्त कायदा लागू झाल्यापासून ती यायला आठ वर्षे लागली. वय ६५ च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजना येते. तिथेही दिव्यांगांना २५०० रुपयेच आहेत, पण उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये, म्हणजे आणखी खाली. कंपवात बहुधा साठीनंतरच गाठतो, त्यामुळे ही मर्यादा कित्येकांना आडवी येते. उत्पन्नाच्या या अटींमुळे चार-पाच एकर ऊस असलेल्या आपल्या बऱ्याच सभासदांना अनुदान मिळणार नाही, हे स्पष्टच सांगितलेले बरे. पण अर्ध्या एकराचे वाटेकरी, कोरडवाहू आणे पठारावरचे आपले नातेवाईक, तोडणीला येणारी कुटुंबे, यांना ते मिळू शकते. आपल्याला न मिळणारी गोष्टही आपल्याला माहीत असावी.

दुसरे, ग्रामपंचायत. तिने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. यासाठी तहसीलला जावे लागत नाही, ग्रामसभेत उभे राहून विचारता येते की गेल्या वर्षीचे पाच टक्के किती झाले आणि कशावर गेले. कंपवाताच्या रुग्णाला त्यातून वॉकर, कमोडची खुर्ची, घरात धरायला दांडे अशा वस्तू मागता येतील. हे प्रश्न विचारणारे गावात दोघे-तिघे जरी निघाले तरी फरक पडतो, असा आमचा अनुभव आहे.

तिसरे, एस.टी. साध्या गाडीत ४० टक्क्यांवरील दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसाला ५० टक्के. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. तशीही मोफत आहे, त्यांना साथीदाराच्या सवलतीचा तेवढा उपयोग.

चौथे नोकरदारांसाठी. आपल्या घरांतून कोणी शिक्षक आहे, कोणी एस.टी.त, कोणी महसूल खात्यात. नोकरी करत असताना दिव्यांगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या माणसास कामावरून काढता येत नाही की पदावरून खाली आणता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. हे कलम २० मध्ये आहे. "आता होत नाही, राजीनामा देऊन टाक" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कागदावर सही करण्याआधी हे कलम साहेबांना दाखवावे. नव्या सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांचे मात्र वेगळे आहे. त्या कलम ३४ च्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे नाव आहे, कंपवाताचे नाही.

४० टक्क्यांच्या आत राहिले म्हणून काहीच हक्क नाही, असाही समज आहे, तो बरोबर नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या विकाश कुमार या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. त्याचे टक्के चाळिसाच्या पुष्कळ खाली होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. प्रत्येक हक्काला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, माणसाला त्याच्या अडचणीप्रमाणे वाजवी सोय करून दिली पाहिजे, असा त्याचा मथितार्थ.

यावरून पुन्हा सहीकडे येऊ, कारण पैशाची खरी अडवणूक तिथे होते. हात थरथरतो म्हणून खात्यातले पैसे अडकून पडण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे आजारी, वृद्ध किंवा सही न करू शकणाऱ्या खातेदाराचा अंगठा, तोही जमत नसेल तर पायाचा अंगठा, बँकेने दोन साक्षीदारांसमक्ष स्वीकारायचा असतो. दोघेही बँकेच्या ओळखीचे असावेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. याहून सोपे म्हणजे आजाराच्या सुरुवातीलाच, सही ओळखू येते आहे तोपर्यंत, बँकेत जाऊन नमुना सही बदलून घ्यावी आणि वारस नोंद तपासावी. कारखान्याच्या भागावरील वारस नोंदही त्याच फेरीत पाहून घ्यावी.

आणखी एक नाजूक गोष्ट. हात थरथरणारा, आवाज गेलेला, चेहरा निर्विकार झालेला माणूस बघणाऱ्याला बुद्धीनेही गेल्यासारखा वाटतो. बहुतेकांचे तसे नसते. पुष्कळ रुग्णांची समज आजाराच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यापर्यंत शाबूत राहते. उत्तर यायला वेळ लागतो एवढेच. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला आपली मिळकत बाळगण्याचा, वारसा घेण्याचा आणि पैशाचा व्यवहार स्वतः पाहण्याचा इतरांसारखाच हक्क आहे. मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ त्या व्यवहारात असेल तर त्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हावे, असेही कायदा म्हणतो. वडिलांना कळत नाही असे सांगून घाईघाईने वाटणीचे, हक्कसोडीचे कागद करणाऱ्या मुलांनी हे वाचावे, आणि वडिलांनीही. आईचे तर विचारायलाच नको. बायांचा कंपवात कित्येक घरांत आजार म्हणून ओळखलाच जात नाही. भाकरी थापताना हात चालेना, एवढे कारण डॉक्टरकडे जायला पुरेसे धरले जात नाही.

मस्क्युलर डिस्ट्रॉफीबद्दल थोडक्यात. तिचा ड्युशेन नावाचा प्रकार मुलग्यांत दिसतो. तीन-चार वर्षांचा पोरगा जिना चढताना अडखळतो, खाली बसला की गुडघ्यांवर हात टेकत टेकत उठतो, आणि बाराव्या वर्षाच्या आसपास त्याला चाकाची खुर्ची लागते. हा जनुकातील दोष असतो, कोणाच्या खाण्यापिण्याने किंवा नवसाच्या चुकीने होत नाही. आईला बोल लावणाऱ्यांनी तोंड आवरावे. अशा मुलाला ४० टक्क्यांचा दाखला असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि पुढे सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के राखीव जागा आहेत. पोर चालते आहे तोवर दाखला कशाला, असे म्हणून थांबू नये.

दाखल्यात, अनुदानात किंवा नोकरीत अडवणूक झाली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. तक्रार लेखी करावी आणि पोच घ्यावी. रुग्ण आणि घरच्या माणसांसाठी पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ काम करते. तिथे सल्ल्याबरोबर धीरही मिळतो, कारण बोलणारे बहुतेक जण स्वतः त्यातून गेलेले असतात.

शेवटी एक गोष्ट, जी फक्त आपल्या धंद्याशी संबंधित आहे. हा आजार का होतो याचे एकच एक कारण सापडलेले नाही. वय आणि वंश यांचा वाटा आहे. पण काही शेतीविषांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसून आला आहे. अमेरिकेत फवारणीचे काम करणाऱ्यांच्या अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, पॅराक्वाट किंवा रोटेनॉन वापरलेल्या लोकांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही, हे खरे. तरी युरोपात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. आणि फ्रान्सने २०१२ साली एक पाऊल पुढे टाकले. दहा वर्षे शेतीविषांशी काम आलेल्या शेतकऱ्यास कंपवात झाला तर तो धंद्यामुळे झालेला आजार मानायचा आणि त्याप्रमाणे भरपाई द्यायची, असा सरकारी निर्णय तिथे झाला. आपल्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्व किती ते मोजतात, ते कशाने आले हे विचारत नाहीत. त्यामुळे भरपाईचा प्रश्नच निघत नाही.

तो कधी निघाला तर पुरावा लागेल, आणि तो कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही. म्हणून ज्या वहीत आपण खताचा आणि पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब मांडता, तिच्यातच एक पान फवारणीसाठी ठेवावे : तारीख, वावर, औषधाचे नाव, किती मारले आणि पंप कोणाच्या पाठीवर होता. दुकानदाराकडून पक्की पावती घेऊन त्याच पानाला टाचावी. लेबलवर आपल्या पिकाचे नाव नसेल तर ते औषध उसात मारू नये. हातमोजे आणि तोंडाला फडके याविषयी कृषी खात्याचे लोक सांगतातच. पाठीवर पंप गळत असेल तर मात्र त्या दिवशी फवारणी थांबवावी, कारण भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहिला की औषध कातडीतून आत जाते.